‘घाबरू नका’ हे औषध नव्हे

जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात बेंगळूरुमधील दोन तान्ह्या बाळांना ‘एचएमपीव्ही’चा संसर्ग झाल्याची बातमी आली आणि व्हॉट्सॲपवर चीनमधल्या गर्दीने भरलेल्या रुग्णालयांच्या चित्रफिती फिरू लागल्या. केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी त्याच दिवशी निवेदन केले. हा विषाणू नवा नाही, २००१ मध्येच तो ओळखला गेला आहे, अनेक वर्षे तो जगभर आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही, असा त्याचा आशय होता. त्यात चूक काहीच नव्हती. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा विषाणू २००१ मध्ये शोधला; पाच वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना तो एकदा तरी होऊन जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण सर्दी-खोकल्यावरच थांबते. तरीही चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत प्रतिक्रिया एकच होती : तेव्हाही असेच म्हणाले होते.

‘तेव्हा’ म्हणजे मार्च २०२०. त्या महिन्याच्या ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाला महासाथ म्हटले. १३ तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेत सांगण्यात आले, की ही आरोग्य आणीबाणी नाही, घाबरण्याचे कारण नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी अवघा देश बंद झाला. पंतप्रधानांनी त्या रात्रीच्या भाषणात जगात पहिले एक लाख रुग्ण व्हायला ६७ दिवस लागले, पुढचे एक लाख ११ दिवसांत झाले आणि त्यापुढचे चार दिवसांत, हे सांगितले होते. चांगले सांगितले होते. पण ‘आणीबाणी नाही’पासून ‘उंबरठा ओलांडू नका’पर्यंतचा प्रवास अकरा दिवसांत कसा झाला, मधल्या काळात आपल्याकडे कोणता आकडा बदलला, हा दुवा कोणी जोडून दिला नाही. लोकांनी तो आपापल्या परीने जोडला : एक तर यांना माहीत नव्हते, नाही तर माहीत असून सांगितले नाही. पाच वर्षांनी ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य खरे असूनही ते कोणाच्या गळी उतरेना, याचे मूळ तिथे आहे.

साथीच्या काळात नेत्याच्या हातात सुरुवातीला फार थोडी साधने असतात. लस नसते, औषध नसते, चाचण्या अपुऱ्या असतात. असते ती फक्त लोकांनी त्याचे ऐकण्याची शक्यता. ती शक्यता खर्च होणारी वस्तू आहे आणि ‘घाबरू नका’ या दोन शब्दांत ती जितकी वाया जाते तितकी दुसऱ्या कशातच जात नाही, असे मला वाटते.

या दोन शब्दांमागे एक समजूत आहे. खरे सांगितले तर लोक सैरभैर होतील, दुकाने लुटतील, एकमेकांना तुडवतील. ही समजूत सगळ्या पक्षांच्या आणि सगळ्या देशांच्या राज्यकर्त्यांत सारखीच आढळते. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना मात्र तसे दिसलेले नाही. ई. एल. क्वारंटेली यांनी अमेरिकेत अनेक दशके भूकंप, वादळे, आगी यांत सापडलेल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास केला. खरी घबराट, म्हणजे सारासार विचार सोडून केलेली पळापळ, त्यात क्वचितच सापडते. लोक बहुधा एकमेकांना मदत करतात आणि हाती असलेल्या माहितीनुसार शहाणपणाने वागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. माहितीच अपुरी असेल तर मात्र ते शहाणपण बाहेरून वेडेपणासारखे दिसते.

पुणेकरांना ऑगस्ट २००९ आठवत असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू शहरात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांना तेव्हा सर्रास ‘घबराट’ म्हटले गेले. वास्तविक सुरुवातीच्या त्या दिवसांत तपासणीची सोय ठरावीक सरकारी ठिकाणीच होती. ताप आलेल्या मुलाच्या आईबापांनी तिथे नाही तर कुठे जायचे होते? कोणत्या तापाला तपासणी लागते, कोणत्या तापात घरी थांबले तरी चालेल, हे पहिल्या दिवसापासून ठणकावून सांगितले असते तर रांगा निम्म्या झाल्या असत्या.

वांद्र्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १४ एप्रिल २०२० रोजी पहिली टाळेबंदी संपायची होती. रेल्वेने त्यानंतरच्या तारखांची आरक्षणे घेणे थांबवलेले नव्हते. सकाळी दहा वाजता पंतप्रधानांनी ३ मेपर्यंत मुदतवाढ जाहीर केली. परराज्यांतल्या कामगारांनी घरी कसे जायचे, जाता येणार नसेल तर खायचे काय, यावर त्या भाषणात ठोस असे काही नव्हते. गाड्या सुटणार असल्याच्या बातम्या आणि अफवा मात्र हवेत होत्या. दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर प्रचंड जमाव गोळा झाला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि संध्याकाळपर्यंत हा कट कोणाचा, यावर राजकारण रंगले. रेल्वेने त्या दिवशी लाखो तिकिटे रद्द केली. तिकीट काढलेला माणूस स्थानकावर आला, यात कट शोधायची गरज नव्हती.

घबराट होऊ नये म्हणून खरे दडवायचे, हे धोरण उघडपणे मान्य करणारे एक राष्ट्राध्यक्ष आपण पाहिले. डोनाल्ड ट्रम्प यांनी ७ फेब्रुवारी २०२० रोजी पत्रकार बॉब वुडवर्ड यांना फोनवर सांगितले, की हा विषाणू हवेतून पसरतो आणि तो साध्या फ्लूपेक्षा घातक आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस ते जाहीरपणे म्हणत होते, की एके दिवशी हा चमत्कार झाल्यासारखा नाहीसा होईल. मार्चमध्ये वुडवर्ड यांच्याशीच बोलताना त्यांनी कारण दिले : घबराट नको म्हणून मी हे मुद्दाम कमी करून सांगतो. ध्वनिमुद्रण असल्यामुळे यात वादाला जागा नाही. शंभर वर्षांपूर्वी फिलाडेल्फियातही हेच घडले होते. इन्फ्लुएन्झा शहरात शिरला होता, डॉक्टर इशारे देत होते, पण महायुद्धाच्या कर्जरोख्यांसाठीची मिरवणूक रद्द करणे म्हणजे मनोधैर्य खचवणे, असे ठरले. २८ सप्टेंबर १९१८ रोजी सुमारे दोन लाख लोक रस्त्यांवर आले. काही दिवसांतच रुग्णालये भरली आणि पुढच्या दीड महिन्यात शहरात बारा हजारांहून अधिक माणसे मेली. मग लोक घाबरलेच. फक्त तोवर त्या भीतीचा काही उपयोग उरला नव्हता.

भीती उपयोगी असते, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. डेंग्यूच्या मोसमात जरा भीती असलेले घर कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करते. धोक्याबद्दल लोकांशी कसे बोलावे, यावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी सल्लागार पीटर सँडमन यांचा सरकारांना एक जुना सल्ला आहे : गरजेपेक्षा जास्त धीर देऊ नका. लोकांना थोडी काळजी वाटू द्या आणि त्या काळजीला करण्यासारखे काम द्या. वाईट बातमी नंतर आणखी वाईट झाली तर तुम्ही खोटे ठरता. अपेक्षेपेक्षा बरी निघाली तर लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि सहसा रागावत नाहीत.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणून मला अँगेला मर्केल यांची १५ एप्रिल २०२० ची पत्रकार परिषद आठवते. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना लागण करतो, तो आकडा म्हणजे ‘आर’. मर्केल यांनी तो हातात घेऊन साधा हिशेब मांडला. आर एकच्या आसपास राहिला तर आपण तरून जाऊ. १.१ झाला तर ऑक्टोबरपर्यंत आपली अतिदक्षता व्यवस्था अपुरी पडेल, १.२ झाला तर जुलैमध्येच, १.३ झाला तर जूनमध्ये. बस्स. त्यात आश्वासन नव्हते, धमकी नव्हती आणि घोषवाक्यही नव्हते. निर्बंध हळूहळू का उठवायचे, याचे उत्तर ऐकणाऱ्याला स्वतःच मिळत होते. पुढे आर वर गेला तर निर्बंध पुन्हा का आले, हेही त्याला विचारावे लागणार नव्हते. मर्केल यांनी क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे, म्हणून त्यांना हे जमले असे म्हणतात. मला ते पटत नाही. तो हिशेब सातवीच्या मुलाला कळेल असा होता. तो जाहीरपणे करण्याची तयारी दुर्मीळ होती. जर्मनीचे सगळे आलबेल झाले असेही नाही. २०२०-२१चा हिवाळा तिथे फार वाईट गेला. मार्च २०२१ मध्ये तर ईस्टरची कडक टाळेबंदी जाहीर करून एका दिवसात मागे घ्यावी लागली. तेव्हा मर्केल यांनी समोर येऊन ही चूक सर्वस्वी आपली एकटीची आहे असे सांगितले आणि देशाची माफी मागितली.

आता त्याच मार्च २०२१च्या आधीचे आपले दिवस पाहू. कारण ‘घाबरू नका’पेक्षाही महाग पडणारे एक वाक्य आहे : आपण जिंकलो.

ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने गणिती प्रारूपाच्या आधारे सांगितले, की देशातला सर्वोच्च बिंदू उलटून गेला आहे आणि खबरदारीचे सगळे नियम पाळले गेले तर फेब्रुवारीअखेर साथ जवळजवळ आटोक्यात येईल. त्या वाक्यातला ‘नियम पाळले गेले तर’ हा भाग प्रवासात कुठे तरी गळून पडला. २८ जानेवारी २०२१ रोजी दावोसच्या व्यासपीठावर दूरसंवादाद्वारे बोलताना पंतप्रधान म्हणाले, की करोनावर परिणामकारक नियंत्रण मिळवून भारताने मानवतेला मोठ्या संकटातून वाचवले. त्यानंतर आठवड्याभरात, ४ फेब्रुवारीला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या सीरो सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले. देशातल्या प्रौढांपैकी सुमारे २१ टक्क्यांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडली होती. याचा सरळ अर्थ असा, की पाचातल्या चौघांना विषाणूने अजून गाठलेले नव्हते आणि लसीकरण नुकतेच सुरू झाले होते. आकडा सरकारी संस्थेचा, जाहीर केला सरकारनेच. पण आकडा एका दालनात आणि भाषण दुसऱ्या दालनात, असा तो प्रकार होता.

२१ फेब्रुवारीचा रविवार तर जपून ठेवावा असा आहे. विदर्भात, विशेषतः अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि दुसऱ्या संध्याकाळपासून अमरावतीत टाळेबंदी लागणार असल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. त्याच दिवशी दिल्लीत भाजपच्या राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांच्या बैठकीने पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली देशाने करोनाला पराभूत केल्याचा अभिमान व्यक्त करणारा ठराव केला. ७ मार्चला तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी साथ अखेरच्या टप्प्यात असल्याचे सांगितले. १७ एप्रिलला पंतप्रधानांनी कुंभमेळा प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन केले आणि त्याच दिवशी आसनसोलच्या प्रचारसभेत जमलेल्या गर्दीचे कौतुकही केले. मेच्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. ऑक्सिजनसाठी माणसे काय काय करत होती, ते वाचकांना सांगायला नको.

दुसरी लाट एका ठरावामुळे आली असे कोणी म्हणू नये. डेल्टा हा प्रकार आधीच्या विषाणूंपेक्षा कितीतरी वेगाने पसरणारा होता आणि तो अनेक देशांना भारी पडला. पण ‘जिंकलो’ या शब्दाचा परिणाम फक्त लोकांच्या मास्कवर होत नाही. तो खालच्या यंत्रणेपर्यंत झिरपतो. जम्बो केंद्रातल्या खाटा कमी होतात, कंत्राटी परिचारिकांची मुदत वाढवली जात नाही, ऑक्सिजन प्रकल्पाची फाइल थंडावते. वरिष्ठच साथ संपली म्हणत असताना ‘मला आणखी पन्नास व्हेंटिलेटर हवेत’ असे लिहिणारा जिल्हा शल्यचिकित्सक विरळा.

महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या सरकारलाही यातून वगळायचे कारण नाही. उद्धव ठाकरे यांचा फेसबुकवरचा घरगुती, न ओरडणारा सूर पहिल्या लाटेत अनेकांना आधार वाटला होता आणि तो होताही. त्या २१ फेब्रुवारीला त्यांनी राज्याला धोक्याची जाणीव करून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण मोहिमांची नावे पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’, फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘मी जबाबदार’. दोन्ही वाक्यांत बोलणारा नागरिक आहे आणि सरकार श्रोत्यांत बसलेले आहे. लोक नीट वागले नाहीत तर टाळेबंदी, हे पालुपद शिक्षेच्या भाषेतले होते. किती खाटा भरल्या की निर्बंध लागतील आणि किती रिकाम्या झाल्या की उठतील, हा हिशेब राज्याने मांडला तो दुसरी लाट ओसरू लागल्यावर, जून २०२१ मध्ये, पाच स्तरांच्या रूपात. तो फेब्रुवारीत मांडला असता तर? मृत्यूंच्या बाबतीत मात्र राज्याने एकदा वेगळे केले होते. १६ जून २०२० रोजी आधी न मोजलेले तेराशेहून अधिक मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यांतले ८६२ मुंबईतले होते. टीका भरपूर झाली. पण आकडा सुधारला, तोही साथ ऐन भरात असताना.

देशपातळीवर तसे झाले नाही. २०२० आणि २०२१ मिळून भारतात करोनामुळे सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. सरकारी आकडा ४.८ लाखांच्या आसपास होता. सरकारने संघटनेची पद्धतच अमान्य केली. पद्धतीवर आक्षेप घेण्यासारखे मुद्दे होतेही. पण २०२१ची नागरी नोंदणीची आकडेवारी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या वर्षी नोंदलेले मृत्यू आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २१ लाखांनी जास्त निघाले. करोनाने झालेले म्हणून त्या वर्षी जाहीर झालेले मृत्यू होते ३.३ लाखांच्या आसपास. हे सगळे जादा मृत्यू करोनाचे नसतील, नोंदणीही सुधारली असेल. तरी या दोन आकड्यांमधली दरी कोणी तरी समोर बसून समजावून सांगायला हवी होती. ज्या घरात माणूस गेला त्या घराला आकडेवारीचे शास्त्र कळत नसेल, पण आपले माणूस मोजले गेले की नाही, हे नक्की कळते.

राजकारण्यांवर बोलताना वैज्ञानिक संस्थांनी फार सोवळे होऊ नये. २८ मार्च २०२० रोजी खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमावर ठासून लिहिले होते, की करोना हवेतून पसरत नाही. ‘अजून खात्री नाही, तोवर खिडक्या उघड्या ठेवा’ असे लिहिता आले असते. हवेतून होणारा प्रसार स्पष्टपणे मान्य करायला त्यानंतर वर्षभर लागले. तोवर अर्धे जग भाजीच्या पिशव्या धूत बसले होते आणि बंद खोल्यांत बैठका घेत होते.

आपल्याकडे या सगळ्याची मुळे कायद्यातही आहेत. २०२० मध्ये राज्यांनी वापरला तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी घाईने केलेला. त्याच्या जोरावर पुण्यात वॉल्टर रँडच्या समितीने सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. रुग्णाला वेगळे ठेवायचे हा विचार वैद्यकीयदृष्ट्या निराधार नव्हता. पण ज्या पद्धतीने तो राबवला गेला, तिचा परिणाम म्हणून लोक रुग्ण लपवू लागले, म्हणजे साथ रोखण्याच्या नेमके उलट. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झाले, ते प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. जेमतेम पानभर असलेल्या त्या कायद्यात सरकार काय करू शकते आणि न ऐकणाऱ्याला काय शिक्षा, एवढेच होते. सरकारने लोकांना काय सांगायचे, याबद्दल जाहीर सूचनेने नियम काढण्यापलीकडे एक अक्षर नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैद देणारी. ती गरजेची होती. पण तीही शिक्षेचीच.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधल्या २८६व्या अहवालात या कायद्याचा सर्वंकष आढावा घेऊन त्यात मोठे बदल सुचवले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य आणीबाणी कायद्याची शिफारस केली आणि साथीच्या पहिल्या शंभर दिवसांवर विशेष भर दिला. हा कायदा जेव्हा केव्हा संसदेत येईल, तेव्हा त्यात अधिकारांची आणि दंडाची कलमे असतीलच. त्यांच्या शेजारी आणखी एक कलम असावे. साथ जाहीर झाल्यापासून ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी मंत्र्याने तज्ज्ञासह लोकांसमोर यावे. आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, गेल्या वेळी सांगितलेल्यापैकी काय बदलले आणि का, आणि कोणता आकडा कुठे गेला की निर्णय बदलेल, हे इंग्रजी-हिंदीबरोबर राज्याच्या भाषेत सांगावे. प्रश्न घ्यावेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली तरी हा रतीब थांबू नये.